आयटीआय की लालसिंगचं दुकान?

१४ मे, गुरुवार

आज पहाटे मारुतीच्या देवळात गेलो, दिव्यात तेल घातलं आणि प्रदक्षिणा घालू लागलो. घालता घालता मन एकदम स्थिर झालं. वैभवीच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय मी घेणार. सगळ्या बाजूंनी विचार करून घेणार. आणि लवकर घेणार.

मुलगी दहावीला फर्स्ट क्लास आली. गावातल्या मुली आर्ट्सला जातात, नाहीतर नर्सिंगला. ही म्हणते, मला वेल्डिंग शिकायचं आहे. गेल्या वर्षी फाट्यावरच्या लालसिंगनं आमच्या गोठ्याचं शेड केलं, तेव्हा ही दिवसभर त्याच्या मागे उभी होती. शेवटी त्यानं कंटाळून डोळ्यांसमोर धरायची काळी काच तिच्या हातात दिली. तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच.

वेल्डिंगला माझी हरकत नाही. मी जुन्या विचारांचा नाही. प्रश्न मार्गाचा आहे. मार्ग दोन. एक, वाशीमला आयटीआयमध्ये एक वर्षाचा वेल्डर ट्रेड. दोन, लालसिंगच्या दुकानात अप्रेंटिस, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून शिकणं.

वैभवी म्हणाली, “मले आयटीआयलेच जाचं हाय, बाबा.” मी म्हटलं, घाई करू नको. सोळा वर्षांच्या जिवाला विचारांची खोली कुठून असणार? मी सातवीपर्यंतच शिकलो, पण एकोणपन्नास वर्षं विचार केलेला आहे.

बायको, मनकर्णा, म्हणाली, “करा इचार. पन उभे राहून करा. तुमी बसले का उठत नाही.”

१५ मे, शुक्रवार

विचार केला. दुपारी लिंबाखाली झोप लागली. झोपेतही विचार चालू होता असं वाटतं, कारण उठल्यावर थकवा होता.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना लागला. हे माझ्या लक्षातच नव्हतं. धोंड्याच्या महिन्यात नवीन काम सुरू करत नाहीत. निर्णय हेही नवीन कामच. आता महिनाभर थांबणं आलं. मला अतिशय वाईट वाटलं. मग जेवून पडलो.

वैभवीनं टीसी आणि मार्कशीट मागितली. ऑनलाइन फॉर्म सुरू होणार आहेत म्हणे. सगळे कागद पेटीत आहेत आणि पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला. मी सांगितलं, अधिकात फॉर्म भरायचा नाही.

मनकर्णा म्हणाली, “फॉर्मले मुहूर्त लागते का? ते काय लगन हाय?”

मी म्हटलं, विद्या लग्नापेक्षा मोठी.

ती म्हणाली, “मंग आयटीआयची कुंडली आना.”

उत्तर दिलं नाही. अधिकात मौनाचं पुण्य जास्त.

२३ मे, शनिवार

नवीन काम वर्ज्य असलं तरी निरीक्षण वर्ज्य नाही. म्हणून फाट्यावर गेलो. लालसिंगच्या दुकानासमोर रूपलाची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर बसलो.

रूपलानं विचारलं, “जगदेवभाऊ, कोन्या गाडीनं जाता?”

म्हटलं, गाडी नाही, अभ्यास.

“या वयात कायची परीक्षा देऊन राह्यले बाप्पा?”

हा मनुष्य हलका आहे. चहा मात्र चांगला करतो.

लालसिंग खिडकीची ग्रिल करत होता. काम संपवून आला. तांड्यावरचा माणूस, बोलायला रोखठोक. म्हणाला, “पोरीले पाठवा बिनधास्त. इथं पह्यल्या दिवसापासून लोखंड हातात. कागद घेऊन काय चाटाचं हाय? जोड सुटला तं गिऱ्हाईक कागद मांगते का?”

मुद्दा थेट मनात उतरला. ठरलं. दुकान.

२५ मे, सोमवार

एसटीनं वाशीमला गेलो. आयटीआय पाहिली. मोठी शेड, प्रत्येकाला वेगळा कप्पा, तोंडावर हेल्मेट, भिंतीवर सूचना. तिथले सर सज्जन होते. त्यांनी सांगितलं की इथून पास झालं की सर्टिफिकेट मिळतं, मग रेल्वे, कंपन्या, सगळीकडे अर्ज करता येतो. मी एकेक मशीन नीट पाहिलं, हात लावून पाहिला, डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिलो.

सर म्हणाले, “काका, वयाची अट नाही. तुमची टीसी असली तर घेऊन या.”

म्हणजे माझ्या चेहऱ्यावर जिज्ञासा दिसते. घरी हे सांगितलं नाही, उगाच हसतात.

ठरलं. आयटीआय. एसटीत खिडकीशी बसून एकदम हलकं वाटलं. फाट्यावर उतरलो तर समोर लालसिंग. त्यानं लांबूनच हात केला. फार आपलेपणानं केला.

पुन्हा विचार करावा लागेल.

२९ मे, शुक्रवार

संकल्प: रविवारपर्यंत निर्णय. अधिक असला तरी मनातल्या मनात घ्यायला हरकत नाही.

३१ मे, रविवार

पौर्णिमा. उपवास. रिकाम्या पोटी घेतलेला निर्णय टिकत नाही.

४ जून, गुरुवार

आज एक चांगलं काम हातून झालं.

ज्याच्याकडून आपण चार ज्ञानाच्या गोष्टी घेतल्या, त्याच्या दारातून तसंच कोरडं परत येणं मला पटत नाही. घरात लग्नाकार्यात आलेले टोपी-दुपट्टे पडून असतात. त्यातली एक चांगली जोडी घेतली, एक नारळ घेतला आणि फाट्यावर गेलो. एसटीची वाट पाहणारे पुष्कळ लोक होते. सगळ्यांच्या देखत लालसिंगच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला आणि नमस्कार केला.

लालसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “जगदेवभाऊ, आजवर लोकायनं मले ग्रिलचा भाव इचारला. टोपी कोनं घातली नाही.” मग त्यानं तो नारळ वेल्डिंग मशीनसमोर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. वर मोठ्यानं म्हणाला, “आजपासून वैभवी मायी चेली. आता दुसरं कोनी कामाले आलं तं मी नाही म्हननार.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपलानं सगळ्यांना फुकट चहा दिला. हे प्रथमच.

मला मनातून स्पष्ट होतं की ही टोपी फक्त आभाराची आहे, मुलगी सुपूर्द करण्याची नाही. पण डोक्यावर नवी टोपी असलेल्या माणसाला तसं सांगणं शोभलं नसतं. शिवाय अधिकात दिलेला शब्द शब्दात धरला जात नसावा. तेव्हा काळजीचं कारण नाही.

५ जून, शुक्रवार

गावभर झालं. देवळात तिघांनी अभिनंदन केलं.

मनकर्णानं भाकरी थापता थापता विचारलं, “टोपी कोनाले घातली म्हने?”

सांगितलं, आभाराची होती.

“आभार हातानं मानत असते. टोपी घालून सोयरीक होते, नाही तं सौदा होते. सारा गाव जानते, तुमालेच कसं मालूम नाही?”

वैभवी जेवली नाही. ताट सरकवून म्हणाली, “बाबा, तुमी मले काहून नाही इचारलं?”

म्हटलं, बेटा, अजून काहीच ठरलेलं नाही. माझा विचार चालू आहे.

ती म्हणाली, “तुमचा इचार होईस्तोवर लोखंडाले जंग चढते.” आणि गोठ्यात जाऊन त्या शेडच्या खांबाला टेकून बसली. रडत होती की काय, अंधारात कळलं नाही. मी हाक मारली नाही. मुलांना थोडा वेळ द्यावा.

मला झोप नीट लागली नाही. उकाडा फार आहे.

८ जून, सोमवार

संकल्प: उद्या लालसिंगकडे जाऊन गोड शब्दांत खुलासा करणार. वाक्य तयार आहे. “लालसिंगभाऊ, टोपी तुमचीच, पण मुलीचं अजून नक्की नाही.” देवळात तीनदा म्हणून पाहिलं. मारुतीसमोर छान जमतं.

९ जून, मंगळवार

गेलो. लालसिंग काम करत होता. तीच टोपी डोक्यावर. काळी पडली होती, पण होती.

तो थांबेपर्यंत उभा राहिलो. तेवढ्यात मनात आलं, आपली मुलगी ज्या प्रकाशाकडे रोज पाहणार, तो बापानं एकदा तरी पाहिलेला असावा. काच मागितली नाही. मी वर्षानुवर्षं उगवत्या सूर्याला अर्घ्य देतो. माझ्या डोळ्यांना तेजाची सवय आहे.

पाहिलं. काय तो निळा प्रकाश! मी आपोआप हात जोडले.

लालसिंग ओरडला, “ओ भाऊ! पाहू नोका! डोये जातीन!”

मी त्याला हातानंच चालू ठेव म्हटलं. बराच वेळ दर्शन घेतलं. परत येताना लक्षात आलं की वाक्य म्हणायचं राहिलं.

१० जून, बुधवार

डोळ्यांत रेती भरल्यासारखं होतं. उघडत नाहीत. अंदाजानं लिहितो आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. मनकर्णानं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या.

म्हणाली, “दिसला का देव?”

डॉक्टरांनी थेंब दिले. म्हणाले, वेल्डिंगचा उजेड लागला, दोन-तीन दिवसांत बरे होतील. चकत्यांबद्दल म्हणाले, त्यांची भाजी करा.

११ जून, गुरुवार

डोळ्यांवर पट्टी. वैभवीला सांगून लिहून घेतो आहे. तिनं चांगल्या अक्षरात लिहावं.

सकाळी मनकर्णानं अंग पुसून दिलं. तेव्हा करगोट्याची किल्ली सोडवून घेतली. डॉक्टरांची चिठ्ठी पेटीत ठेवायची म्हणे. मग दोघी पहिल्या एसटीनं वाशीमला गेल्या, संध्याकाळी आल्या. थेंबांची दुसरी बाटली आणायला गेल्या असाव्यात. माझ्यासाठी किती धडपड करतात.

वैभवी आज बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती.

(बाबा, थेंब फाट्यावरच भेटले. वाशीमले दुसऱ्या कामानं गेलो होतो. तुमचे डोये बरे झाले का वाचजा. – वैभवी)

१६ जून, मंगळवार

डोळे बरे. अधिक संपला. आता कोणतीही अडचण नाही.

फक्त पेरणी आली आहे.

मागची पानं वाचत नाही. मागे पाहणारा माणूस पुढे जात नाही.

२ जुलै, गुरुवार

सोयाबीन पेरून झालं. आज बैठक मारून विचार केला. गुरू ठरवायचा तर गुरुपौर्णिमेहून चांगला दिवस कोणता? ठरलं. त्या दिवशी निर्णय जाहीर करणार. हा निर्णय पक्का.

वैभवीला सांगितलं. ती म्हणाली, “सांगा बाबा, सावकाश सांगा.” राग अजिबात नव्हता. मुलगी समजूतदार होत चालली आहे. माझा परिणाम.

१४ जुलै, मंगळवार

रूपला देवळापाशी भेटला. लालसिंगनं मोठ्या शेडचं काम घेतलं आहे. दोन जण कामाला ठेवा म्हणून आले होते, त्यांना त्यानं परत पाठवलं. म्हणाला, माझी चेली येणार आहे. बाजारातून बायकी मापाचे हातमोजेही आणून ठेवलेत.

रूपला म्हणाला, “कवा येते पोरगी? तो रोज रस्त्याकडं पाह्यते.”

जेवताना अर्धी भाकरी ताटात राहिली. रात्री वरण तिखट होतं.

२९ जुलै, बुधवार, गुरुपौर्णिमा

आंघोळ, पूजा, देवळात दर्शन. घरी येऊन दोघींना समोर बसवलं. उदबत्ती लावली. म्हटलं, मी दोन्ही मार्ग स्वतः पायी हिंडून पाहिले, डोळ्यांची पर्वा केली नाही, आणि अखेर या निष्कर्षाला आलो आहे की वैभवीनं आयटीआयला जावं.

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मनकर्णानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवर.

वैभवी आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवीत खाकी एप्रन, जाड तळाचे बूट आणि ॲडमिशनची पावती. म्हणाली, “सोमवारी कॉलेज चालू होते, बाबा. तुमच्या डोयावर पट्टी होती तवा कागद दाखोले. पह्यल्याच यादीत नंबर लागला.”

मनकर्णा म्हणाली, “सही म्या केली. तुमी झोपेत इचार करून राह्यले होते.”

पावती दोनदा वाचली. नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा अर्थ लागला. माझा निर्णय मी जाहीर करण्याआधीच अमलात आला होता. असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं.

मग मी विचारलं, मग दुकानातली अप्रेंटिसशिप कायमची सुटली ना? इतके दिवस तेच तर तोलत होतो.

वैभवी म्हणाली, “सुटली कायची? आधी आयटीआय करतात, मंग अप्रेंटिस. एकामागं एक असते ते. म्या पह्यल्याच दिवशी सांगनार होती. तुमी म्हनले, घाई करू नोको.”

मलाही शेवटी हेच म्हणायचं होतं.

“पन लालसिंगकाकाचं काय?” ती म्हणाली. “मी येतो म्हून त्यायनं दोघायले वापस पाठोलं. आता ते एकटे शेड कसं करतीन?”

हा प्रश्न कोणी विचारू नये असं मला गेले कित्येक दिवस वाटत होतं. विचारला तो तिनंच.

मनकर्णा म्हणाली, “टोपी तुमी घातली. निस्तरा तुमीच.”

३० जुलै, गुरुवार

योजना क्रमांक एक: टोपी परत मागणे. लगेच रद्द. कोणाच्या डोक्यावरची टोपी काढून घेण्याइतका मी खाली गेलेलो नाही.

योजना दोन: अधिक महिन्यात केलेलं धरू नये, हे लालसिंगला समजावणे. उद्या जाणार.

३१ जुलै, शुक्रवार

गेलो. समजावलं. सगळं सांगितलं, वैभवीच्या ॲडमिशनसकट. वाक्य तयार होतं तसं आलं नाही, तुटक तुटक आलं.

लालसिंगनं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “पोरगी आयटीआयले गेली हे चांगलंच झालं. मायी पोरगी रंजीता आज असती तं म्याबी तिले तेच सांगतलं असतं. वर्षानं या म्हना, दरवाजा खुला हाय.”

मग लोखंडाच्या ढिगाकडे पाहून म्हणाला, “पन भाऊ, त्या दोघाले मी नाही म्हनलं ते तुमच्या टोपीपायी. ते गेले पुन्याले. शेडची तारीख तं जवळ आली. आता माया बाजूनं उभं कोन राहीन?”

रूपला टपरीतून ऐकत होता.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

लालसिंग म्हणाला, “नाही भाऊ. इचार नोको.”

१ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर देवळात बसलो. मारुतीनं काही सांगितलं नाही. पण वर पाहिलं तर तो उभाच होता. हात वर करून, डोंगर धरून. इतकी वर्षं पाहतो आहे, हे लक्षात नव्हतं आलं.

घरी येऊन सांगितलं की मी ठरवलं आहे.

मनकर्णानं विचारलं, “कवा करनार?”

सोमवारी.

“कोनत्या महिन्यातल्या?”

३ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वैभवीला एसटीत बसवलं. एप्रन घालून बसली होती. खिडकीतून म्हणाली, “जा बाबा, उशीर होऊन राह्यला तुमाले.”

रस्ता ओलांडून लालसिंगच्या दुकानात गेलो आणि सांगितलं, आमच्या घरून एक माणूस येणार होता, तो आला आहे.

लालसिंग बघत राहिला. मग वैभवीसाठी आणलेले हातमोजे दिले. अंगठा शिरला नाही. शेवटी जुन्या गोणपाटाचे तुकडे हाताला गुंडाळले. मला काळी काच दिली आणि लोखंडाचा लांब खांब उभा केला.

म्हणाला, “भाऊ, तुमाले काईच कराचं नाही. हे असं धराचं. मी सांगीन तोवर हलाचं नाही.”

धरलं. एक झाला की दुसरा. जेवणाची सुट्टी, मग तिसरा. रूपला चहा घेऊन आला, मी खांब सोडला नाही म्हणून त्यानंच पाजला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बाप्पा! पन्नाशीत हेल्पर!” त्याला काय उत्तर देणार, तोंडात चहा होता.

संध्याकाळी लालसिंगनं एकेक जोड टॉर्चनं पाहिला. म्हणाला, “इतकी पोरं आली न गेली, भाऊ, पन असा न हलनारा मानूस म्या पाह्यला नाही.”

आयटीआय वैभवीची. राहिलं दुकान. ते आजपासून. माझं.